बेळ्ळंदूरचा तलाव आणि सर्वोच्च न्यायालय : पर्यावरण न्यायाची कक्षा

पर्यावरणविषयक वादांमध्ये न्यायसंस्थेने कोठपर्यंत जावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयासमोर निरनिराळ्या रूपांत येत राहिला आहे. कधी तो बांधकामाच्या परवानगीचा असतो, कधी दंडाच्या रकमेचा, तर कधी एखाद्या लवादाच्या अधिकारांचा. या निर्णयांचा अभ्यास करताना केवळ खटल्याचे नाव आणि वर्ष पाठ करून भागत नाही. वाद कशावरून उद्भवला हे समजले की तत्त्व आपोआप उलगडते. त्या दृष्टीने बेंगळुरूच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर तलावाचे उदाहरण विशेष बोलके आहे.

बेंगळुरू शहराला बारमाही नदी नाही. पावसाचे पाणी अडवून त्यावर शेती व वस्ती जगविण्यासाठी येथे शतकानुशतके तलाव बांधले गेले. शहाजी राजांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेले हे शहर अशा तलावांवरच वाढले. वरचा तलाव भरला की त्याचे पाणी कालव्यातून खालच्या तलावात उतरावे, अशी ही साखळी होती. या कालव्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. अगराचे पाणी बेळ्ळंदूरला, बेळ्ळंदूरचे वर्तूरला आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीमार्गे तमिळनाडूत, असा हा प्रवाह आहे. सुमारे ९०० एकरांचा बेळ्ळंदूर हा शहरातील सर्वांत मोठा तलाव होय. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या विस्ताराबरोबर त्याच्या काठी कार्यालये व गृहसंकुले उभी राहिली आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी त्यात मिसळू लागले. सांडपाण्यातील साबणयुक्त द्रव्यांमुळे फेसाचे थर रस्त्यावर उडू लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये तलावाच्या परिसराला आग लागली. दुसऱ्या वेळी ती विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना उतरावे लागले. पाण्याने आग विझते, या समजुतीला बेळ्ळंदूरने असा छेद दिला.

न्यायालयीन वादाची सुरुवात मात्र या आगींच्या आधीची आहे. अगरा आणि बेळ्ळंदूर या दोन तलावांच्या मधल्या जमिनीवर दोन मोठे बांधकाम प्रकल्प उभे राहत होते. त्यांमुळे राजकालुवे व पाणथळ जमीन धोक्यात येते, अशी तक्रार घेऊन ‘फॉरवर्ड फाउंडेशन’ ही संस्था व इतर नागरिक २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादाने ४ मे २०१६ रोजी दिलेल्या निर्णयात दोन प्रकारचे आदेश होते. पहिला प्रकार या दोन प्रकल्पांपुरता होता. त्यात पर्यावरणीय भरपाईचा समावेश होता व एका प्रकल्पासाठी तिची रक्कम ११७.३५ कोटी रुपये ठरविण्यात आली. दुसरा आदेश संपूर्ण शहराला लागू होणारा होता. तलावाच्या कडेपासून ७५ मीटर आणि प्राथमिक, दुय्यम व तृतीयक राजकालुव्यांपासून अनुक्रमे ५०, ३५ व २५ मीटर अंतरात बांधकाम होऊ नये, असे लवादाने बजावले. शहराच्या सुधारित बृहत् आराखड्यात हे संरक्षित पट्टे तलावासाठी ३० मीटर आणि कालव्यांसाठी ५०, २५ व १५ मीटर असे होते. शिवाय आराखडा कालव्याच्या मध्यापासून मोजत होता, तर लवाद कडेपासून. आकड्यांतील हा फरक किरकोळ वाटला, तरी बेंगळुरूसारख्या शहरात त्याचा अर्थ हजारो भूखंड असा होतो.

विकासकांची अपिले सर्वोच्च न्यायालयात आली आणि ५ मार्च २०१९ रोजी ‘मंत्री टेकझोन विरुद्ध फॉरवर्ड फाउंडेशन’ या खटल्याचा निकाल लागला. न्यायालयाने प्रकल्पांसंबंधीच्या आदेशांत हस्तक्षेप केला नाही. मात्र, शहरभर पट्टे वाढविणारा आदेश रद्द केला. त्यामागील तर्क परीक्षार्थींनी नीट समजून घ्यावा असा आहे. बृहत् आराखडा हा केवळ प्रशासकीय कागद नसून कर्नाटक नगर व ग्रामनियोजन अधिनियम, १९६१ खाली तयार झालेला असल्यामुळे त्याला कायद्याचे बळ असते. जनतेच्या हरकती व सूचना मागवूनच तो तयार होतो व त्यात बदल करण्याची रीतही कायद्यानेच ठरविलेली असते. राष्ट्रीय हरित लवाद अधिनियम, २०१० च्या कलम १४ अन्वये लवादाला पर्यावरणाशी संबंधित महत्त्वाच्या प्रश्नांचा निवाडा करता येतो, कलम १५ अन्वये भरपाई व पुनर्स्थापनेचे आदेश देता येतात, आणि कलम २० नुसार शाश्वत विकास, खबरदारी व ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ ही तत्त्वे लावावी लागतात. परंतु या तत्त्वांच्या आधारे वैधानिक आराखड्याच्या जागी स्वतःचा आराखडा ठेवणे म्हणजे कायदा दुरुस्त करणे होय, आणि तो अधिकार लवादाला दिलेला नाही. कलम ३३ अन्वये लवादाच्या अधिनियमाला इतर कायद्यांवर वर्चस्व आहे, हा युक्तिवादही न्यायालयाने मान्य केला नाही. वर्चस्वाचा प्रश्न दोन कायद्यांतील तरतुदींमध्ये विसंगती असली तरच उद्भवतो. तलावाभोवती किती मीटर सोडावेत याविषयी २०१० चा अधिनियम काहीच सांगत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सुसंगत आहे, यात शंका नाही. तथापि, तलावाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र तितके समाधानकारक नाही. नियोजन प्राधिकरणाने ठरविलेले अंतर शास्त्रीयदृष्ट्या पुरेसे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर या निकालाने दिलेले नाही आणि देण्याचे त्याला कारणही नव्हते. ते उत्तर विधिमंडळाने व नियोजन यंत्रणेने द्यावयाचे आहे. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत बेळ्ळंदूर परिसरातील रस्ते व कार्यालयांच्या आवारांत पाणी शिरले, तेव्हा कालव्यांवरील अतिक्रमणांची चर्चा नव्याने झाली. पाणी आपली जुनी वाट सोडत नाही, हे नकाशा काढणाऱ्यांना माहीत असतेच.

आगीनंतरची कार्यवाही वेगळ्या मार्गाने झाली. वृत्तपत्रांतील बातम्यांवरून हरित लवादाने २०१७ मध्ये स्वतःहून प्रकरण हाती घेतले. डिसेंबर २०१८ मध्ये लवादाने राज्य शासनाला ५० कोटी व बेंगळुरू महानगरपालिकेला २५ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई आकारली, कृती आराखड्यासाठी ५०० कोटी रुपये बाजूला ठेवण्यास सांगितले आणि देखरेखीसाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. येथे एक मूलभूत प्रश्न होता. कोणीही अर्ज केलेला नसताना वैधानिक लवादाला स्वतःहून दखल घेता येते काय? त्याचे उत्तर मुंबईच्या वादातून मिळाले. मुंबईतील घनकचऱ्याविषयीच्या एका वृत्तलेखाची लवादाने दखल घेतली होती व महापालिकेने त्या अधिकारालाच आव्हान दिले होते. ‘बृहन्मुंबई महानगरपालिका विरुद्ध अंकिता सिन्हा’ या खटल्यात ७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने असा अधिकार लवादाला आहे, असा निर्णय दिला. लवादाची निर्मिती केवळ दोन पक्षांतील भांडण मिटविण्यासाठी झालेली नसून पर्यावरणाच्या रक्षणासाठी झाली आहे, हा त्यामागील विचार होय. २०१९ आणि २०२१ चे हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचावेत. लवादाला दार कोणी न ठोठावताही बाहेर पडता येते, मात्र बाहेर पडल्यावर कायदा करता येत नाही.

तलाव मानवनिर्मित असेल तर त्याला संरक्षण मिळते काय, हा प्रश्नही बेळ्ळंदूरइतकाच महाराष्ट्रालाही लागू आहे. नागपूरच्या भोसलेकालीन फुटाळा तलावावरील बांधकामांसंबंधी ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा जलाशय २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतील व्याख्येत बसत नाही, असे मानले. पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या व्याख्येतून वगळलेले आहेत. परंतु सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते, हेही न्यायालयाने सांगितले. नैसर्गिक संपत्तीचा शासन हा मालक नसून विश्वस्त आहे, असे सांगणारे हे तत्त्व भारतात १९९६ च्या ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ खटल्याने रुजविले, आणि तिरुपतीजवळील दोन तलावांच्या संदर्भात २००६ मध्ये ते पुन्हा वापरले गेले.

बांधकाम आधी आणि पर्यावरणीय मंजुरी नंतर, या पद्धतीवरील वाद सर्वाधिक धगधगता ठरला. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी अशा पश्चात मंजुरीची २०१७ ची अधिसूचना व २०२१ चे कार्यालयीन ज्ञापन रद्द केले. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकण्याचे ठरविले. न्यायमूर्ती भुयान यांचे मत वेगळे होते. अल्पमताचा निर्णय आज लागू नसतो, पण तो वाचण्याचा आळस करू नये. दंडाच्या बाबतीत ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. जल व वायू प्रदूषण प्रतिबंधक कायद्यांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळांनाही पुनर्स्थापनेसाठी भरपाई आकारता येते, असे ‘लोधी प्रॉपर्टी’ खटल्यात ठरले. त्यासाठी नियम व न्याय्य पद्धती मात्र आधी असली पाहिजे.

दरम्यान, संरक्षित पट्ट्याचा जो प्रश्न २०१९ मध्ये न्यायालयाने नियोजन व विधिमंडळाकडे सोपविला, तो तेथे पोहोचला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने तलावाच्या आकारमानानुसार पट्टा ठरविणारे दुरुस्ती विधेयक संमत केले. त्यात लहान तलावांसाठी पट्टा अवघ्या काही मीटरवर येतो, आणि बेळ्ळंदूरसारख्या १०० एकरांहून मोठ्या तलावासाठी तो ३० मीटरच राहतो.