भूकंपतरंग आणि पृथ्वीच्या गाभ्याचा शोध

प्रस्तावना

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ कि.मी. आहे. तत्कालीन सोव्हिएत संघातील कोला द्वीपकल्पावर खोदलेले अतिखोल छिद्र १९८९ मध्ये १२,२६२ मीटर खोलीपर्यंत पोहोचले. केंद्रापर्यंतच्या अंतराचा हा पाचशेवा हिस्साही नव्हे. असे असूनही पृथ्वीला लोहप्रधान गाभा आहे, त्याचा बाह्य भाग द्रवरूप आणि अंतर्भाग घनरूप आहे, असे विज्ञान खात्रीपूर्वक सांगते. या खात्रीचा प्रमुख आधार भूकंपतरंग हा होय. हे ज्ञान कोणत्या पुराव्यांवरून व कोणत्या क्रमाने प्राप्त झाले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भूकंपतरंगांचे स्वरूप

पृथ्वीच्या अंतर्भागातून प्रवास करणारे भूकंपतरंग दोन प्रकारचे असतात. प्राथमिक तरंगांत पदार्थाचे कण तरंगाच्या दिशेने पुढे-मागे हालतात. हे तरंग अधिक वेगवान असून घन व द्रव अशा दोन्ही माध्यमांतून जातात. दुय्यम तरंगांत कणांची हालचाल तरंगाच्या दिशेला काटकोनात होते. आकार बदलू पाहणाऱ्या बलाला घन पदार्थ विरोध करतो, द्रव करीत नाही. म्हणून दुय्यम तरंग द्रवातून जाऊ शकत नाहीत. माध्यमाचे गुणधर्म बदलले की तरंगांचा वेग बदलतो आणि दोन भिन्न थरांच्या सीमेवर त्यांचे अपवर्तन व परावर्तन होते. त्यामुळे निरनिराळ्या वेधशाळांत तरंग पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून मार्गातील थरांचे स्वरूप अनुमानता येते.

गाभ्याचे अस्तित्व

१२ जून १८९७ रोजी आसाममध्ये महाभूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. दूरच्या युरोपीय उपकरणांवरील नोंदींच्या आधारे त्यांनी प्राथमिक, दुय्यम व पृष्ठीय तरंग वेगळे ओळखले. पुढे अनेक भूकंपांच्या नोंदी ताडून पाहताना, अपिकेंद्रापासून फार दूरच्या स्थानी तरंग अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात, असे त्यांना आढळले. मार्गात तरंगांचा वेग मंदावणारा मध्यवर्ती गाभा असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १९०६ मध्ये मांडला.

गाभ्याच्या सीमेची खोली सुमारे २९०० कि.मी. असल्याचे बेनो गुटेनबर्ग यांनी १९१४ च्या सुमारास निश्चित केले. या सीमेवर प्राथमिक तरंगांचा वेग सेकंदास सुमारे १३.७ कि.मी. वरून सुमारे ८ कि.मी. पर्यंत घटतो. परिणामी गाभ्यात शिरणारे तरंग आतल्या बाजूस वळतात आणि अपिकेंद्रापासून सुमारे १०४ ते १४२ अंशांच्या पट्ट्यात सरळ पोहोचत नाहीत. या पट्ट्यास छायाक्षेत्र म्हणतात.

द्रवरूपतेचा पुरावा

गाभा आहे म्हणजे तो द्रवच आहे, असे सिद्ध होत नाही. हा प्रश्न सोडविण्यासाठी हॅरल्ड जेफ्रीज यांनी भरती-ओहोटीच्या बलांचा आधार घेतला. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाला पृथ्वी कशी प्रतिसाद देते, यावरून तिची सरासरी दृढता काढता येते. ही दृढता, दुय्यम तरंगांवरून काढलेल्या प्रावरणाच्या दृढतेपेक्षा बरीच कमी भरली. ही तफावत गाभा द्रव मानल्यासच दूर होते, असे त्यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले. दोन स्वतंत्र मार्गांनी मिळालेल्या माहितीची सांगड येथे निर्णायक ठरली.

अंतर्गाभ्याचा शोध

तथापि छायाक्षेत्र पूर्णतः शांत नव्हते. १९२९ मध्ये न्यूझीलंडमध्ये झालेल्या भूकंपाच्या नोंदी तपासताना डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांना तेथे प्राथमिक तरंगांच्या क्षीण खुणा आढळल्या. गाभ्याच्या कडेवरून वळलेल्या तरंगांनी त्यांचे समाधानकारक स्पष्टीकरण होत नव्हते. गाभ्याच्या आत अधिक वेगाचा आणखी एक गोल असून त्याच्या सीमेवरून हे तरंग येतात, असे लेहमन यांनी १९३६ मध्ये प्रतिपादन केले. या अंतर्गाभ्याची त्रिज्या आज सुमारे १२२० कि.मी. मानली जाते. मोठ्या भूकंपानंतर संपूर्ण पृथ्वी घंटेप्रमाणे कंप पावते; तिच्या सर्वांत दीर्घ कंपनाचा आवर्तनकाल सुमारे ५४ मिनिटांचा असतो. १९६० च्या चिली भूकंपानंतर अशी मुक्त कंपने स्पष्टपणे नोंदली गेली. त्यांच्या अभ्यासातून १९७१ मध्ये अंतर्गाभ्याच्या घनरूपतेस भक्कम पुष्टी मिळाली.

समारोप

बाह्य गाभा हळूहळू गोठून अंतर्गाभा वाढतो. या प्रक्रियेत मुक्त होणारी उष्णता व हलकी द्रव्ये बाह्य गाभ्यातील प्रवाहांना चालना देतात आणि त्या प्रवाहांतून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र टिकून राहते. म्हणून गाभ्याचा अभ्यास हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. या पद्धतीलाही मर्यादा आहेत. भूकंप मुख्यतः भूपट्टांच्या सीमांवर होतात आणि बहुतेक वेधशाळा जमिनीवर आहेत. त्यामुळे अंतर्भागाचे सर्व भाग सारख्या स्पष्टतेने दिसत नाहीत. तरीही ओल्डहॅम यांना जाणवलेला विलंब आणि लेहमन यांना दिसलेल्या क्षीण खुणा हेच सांगतात की, प्रचलित कल्पनेत न बसणारी नोंद दुर्लक्षिण्याऐवजी तिचे कारण शोधल्यास ज्ञानाची सीमा पुढे सरकते.