‘आम्ही’, ‘आपण’ आणि ‘करावे’ : कामाच्या ठिकाणच्या आरोग्यपत्रकांची मराठी

व्यावहारिक मराठी हा विषय पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत रुजला, त्याला आता बराच काळ लोटला आहे. अर्ज, अहवाल, इतिवृत्त, जाहिरात, वृत्तलेखन या प्रकारांवरील पाठ्यपुस्तके विपुल झाली. परंतु कारखान्यात वा कार्यालयात काम करणाऱ्या मराठी वाचकाच्या हाती वारंवार पडणारा एक लेखनप्रकार या चर्चेच्या बाहेरच राहिलेला दिसतो. आस्थापनांकडून कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी जे उपक्रम राबविले जातात, त्यांची पत्रके, भित्तिपत्रके, प्रश्नावल्या आणि संमतिपत्रे हा तो प्रकार होय. हे लेखन पुष्कळदा इंग्रजीतून अनुवादित होऊन येते. त्याच्या भाषेविषयी काही बोलले गेलेच, तर ते ‘शब्द फार संस्कृतप्रचुर आहेत’ या एका तक्रारीपाशी थांबते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे निराळे आहे. या साहित्यातील खरी अडचण परिभाषेची नसून संबोधनाची आहे. कोण कोणाशी बोलत आहे आणि ऐकणाऱ्याला नकार देण्यास जागा ठेवली आहे किंवा नाही, हे इंग्रजी वाक्य मोघम ठेवू शकते. मराठीचे व्याकरण तेथे अनुवादकाला निर्णय घेण्यास भाग पाडते, आणि तो निर्णय बहुधा नकळत घेतला जातो.

हा प्रकार आपल्याकडे कोठून आला, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कामगाराला समजेल अशा भाषेत सूचना लावण्याची कल्पना नवी नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमानेच अशा सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे बंधन घातले होते. मात्र त्या सूचना धोका, यंत्र, प्रथमोपचार यांच्याशी निगडित होत्या. कामगाराचे वजन, झोप, व्यसने आणि मनःस्थिती यांच्याविषयी मालकाने कामगाराशी बोलावे, ही कल्पना मुख्यत्वे अमेरिकेतील. तेथील वैद्यक व सांख्यिकीतज्ज्ञ हॅल्बर्ट डन यांनी ‘वेलनेस’ या शब्दाला १९६१ च्या आपल्या पुस्तकात नवा आशय दिला. रोग नसणे एवढ्यावर न थांबता अधिक चांगल्या अवस्थेकडे जात राहणे, असा तो आशय होता. पुढे आरोग्यविम्याचा खर्च सोसणाऱ्या मालकांनी ही कल्पना उचलली. म्हणजे या पत्रकांत हिताचा उपदेश आणि खर्चाचा हिशेब हे दोन्ही सूर मुळातच मिसळलेले आहेत. अनुवादकाने हे ध्यानात ठेवणे बरे.

परिभाषेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९६२ च्या पदनाम कोशाची आचार्य अत्रे यांनी उडविलेली खिल्ली सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या कोशातील अनेक शब्द पुढे निमूटपणे रूढ झाले हेही ठाऊक आहे. शब्द वापराने रुळतात. तरीही दोन शब्दांपाशी थोडे थांबावेसे वाटते. ‘वेलनेस’साठी ‘निरामयता’ असा शब्द काही पत्रकांत आढळतो. त्याहून ‘स्वास्थ्य’ हा शब्द मराठीत अधिक अर्थवाही आहे, कारण ‘जिवाला स्वास्थ्य नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा शरीर आणि मन यांची फारकत केलेली नसते. दुसरा शब्द ‘समुपदेशन’. तो आता पक्का झाला आहे आणि बदलता येणार नाही. पण त्यात ‘उपदेश’ उघड ऐकू येतो, हे विसरून चालणार नाही. ‘समुपदेशकाला भेटा’ या सूचनेचा अर्थ ‘साहेबांनी बोलणी खाण्यासाठी पाठविले आहे’ असा घेतला गेला, तर त्यात वाचकाचा दोष नाही. तेथे ‘मोकळेपणी बोलण्यासाठी’ एवढी पुस्ती जोडली की काम भागते.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे. मराठीत त्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन प्रतिशब्द आहेत. पहिला ऐकणाऱ्याला वगळतो, दुसरा त्याला सामावून घेतो. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. ‘तुमच्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे’ या वाक्यात बोलणारे व्यवस्थापन आहे, हे स्पष्ट आहे. परंतु ‘आपण सर्व मिळून ताण कमी करू’ या वाक्यात ताण कमी करण्याची जबाबदारी कोणावर आली? पाळीचे तास ठरविणारा आणि त्या पाळीत उभा राहणारा या दोघांना एका सर्वनामात बसविले की तास ठरविणाऱ्याचा वाटा दिसेनासा होतो. ‘आपण दररोज तीस मिनिटे चालावे’ हे वाक्य तर तिहेरी संदिग्ध आहे: तुम्ही चाला, आपण सारे चालू या, किंवा माणसाने चालावे हे बरे. या विषयात साधा नियम सुचवावासा वाटतो. वाचकासाठी ‘तुम्ही’ वापरावे. व्यवस्थापन जे करणार असेल त्यासाठी ‘कंपनी’ किंवा ‘व्यवस्थापन’ असा नामनिर्देश करावा. जेथे दोन्ही पक्ष खरोखर एकच कृती करणार असतील, तेथेच ‘आपण’ यावे. ‘तुम्ही’मुळे आदर उणावतो, अशी शंका काही जण घेतात. ती निराधार आहे. मराठी माणूस सासऱ्याला आणि शिक्षकांना ‘तुम्ही’च म्हणतो.

क्रियापदाचा अर्थ हा याहून नाजूक विषय आहे. ‘तपासणी करून घ्या’ हा आज्ञार्थ, ‘तपासणी करून घ्यावी’ हा विध्यर्थ. व्याकरणात विध्यर्थाचे कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा असे निरनिराळे अर्थ सांगितले जातात. त्यावरून विध्यर्थ अधिक सौम्य, म्हणून सल्ल्याला योग्य, असा समज अनुवादकांमध्ये रूढ आहे. पाठ्यपुस्तकापुरते हे ठीक. पण भाषेचा अर्थ ती ज्या भिंतीवर लावली आहे त्या भिंतीवरही अवलंबून असतो. कार्यालयीन मराठीत ‘सर्व कर्मचाऱ्यांनी उपस्थित राहावे’ हा निःसंशय आदेश आहे. शासकीय परिपत्रकांनी गेल्या कित्येक दशकांत विध्यर्थाला हुकुमाचे वजन दिले आहे. त्यामुळे सूचनाफलकावरील ‘रक्ततपासणी करून घ्यावी’ हे वाक्य कामगार आदेश म्हणूनच वाचतो, आणि गंमत अशी की घरगुती ‘करून घ्या’ त्याला सल्ल्यासारखे वाटण्याचा संभव अधिक.

प्रस्तुत लेखकाकडे काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या आरोग्यतपासणीची मराठी कागदपत्रे भाषिक तपासणीसाठी आली होती. मूळ इंग्रजीत सहभाग ऐच्छिक असल्याचे पहिल्याच परिच्छेदात म्हटले होते. मराठीतही ‘सदर सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा राहील’ असे वाक्य होते. शब्दाला शब्द होता, चूक काढण्यास जागा नव्हती. मात्र त्याखालची एकूण एक वाक्ये विध्यर्थी होती: अर्ज भरावा, रक्त द्यावे, दिलेल्या वेळी हजर राहावे, खाली सही करावी. सात-आठ ‘करावे’नंतर त्या एका ‘ऐच्छिक’चे काय उरते? ‘ऐच्छिक’ हा शब्द तसाही आपल्या वाचकाला परीक्षेतील ऐच्छिक विषयामुळे माहीत असतो. तेथे विषय निवडायचा असतो, विषय न घेण्याची सोय नसते! त्या ठिकाणी असे वाक्य सुचविले: ‘ही तपासणी करायची की नाही, हे तुम्ही ठरवायचे आहे. नाही म्हटले तरी तुमच्या नोकरीवर, पगारावर किंवा बढतीवर परिणाम होणार नाही.’ व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीने दुसऱ्या वाक्याला हरकत घेतली. मुळात ते नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुळात ते खरोखरच नव्हते.

ही हरकत केवळ भाषिक नव्हती, हे अमेरिकेतील एका वादावरून कळेल. तेथील समान रोजगार संधी आयोगाने २०१६ मध्ये नियम केले. त्यांनुसार, आरोग्याची माहिती देणाऱ्या आणि न देणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये एका व्यक्तीच्या विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत आर्थिक फरक केला, तरी उपक्रम ऐच्छिक मानला जाणार होता. २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथील न्यायालयाने या मर्यादेचे पुरेसे समर्थन आयोगाने केलेले नाही, असा निर्णय दिला आणि १ जानेवारी २०१९ पासून तो भाग रद्द झाला. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ मूळ भाषेतच न्यायालयापर्यंत गेला, त्याचा प्रतिशब्द कोशात पाहून आपण निश्चिंत होतो.

गोपनीयतेचेही असेच आहे. ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’ या कर्मणी रचनेत ठेवणारा कोण, हे सांगितलेले नाही. कामगाराला नेमके तेच हवे असते. ‘तुमचा अहवाल डॉक्टर आणि तुम्ही, एवढेच पाहतील. किती जणांचा रक्तदाब वाढलेला आहे, एवढा आकडा कंपनीला कळेल. नावे कळणार नाहीत.’ हे वाक्य लांब आहे, पण त्याचा कर्ता उघड आहे. अर्थात ते खरे असेल तरच लिहावे.

कर्मणी प्रयोगाविषयी तक्रार करताना मराठीच्या एका सामर्थ्याकडे दुर्लक्ष होऊ नये. मराठीत भावना माणसाला ‘येते’, ‘वाटते’, ‘होते’. मला राग आला, त्याला थकवा वाटतो, तिला करमत नाही. अनुभवणारा चतुर्थीत राहतो, तो कर्ता होत नाही. ‘ताणाचे व्यवस्थापन करा’ हे इंग्रजी वाक्याचे प्रतिबिंब त्या माणसाला कर्त्याच्या जागी नेऊन बसविते. ताण जणू त्याच्या हाताखालचा नोकर आणि तो न सांभाळणे ही त्याची कसूर. ‘कामाचा ताण येत असेल तर’ अशी सुरुवात केली की ताण कोठून तरी येतो, हे वाक्यरचनेतच मान्य होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात कामामुळे पिचून जाण्याच्या अवस्थेची नोंद आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटित म्हणून केली आहे. तिला ‘विकार’ म्हणणारा अनुवाद म्हणूनच चुकीचा ठरतो. ‘जीव मेटाकुटीला येणे’ हा आपला जुना वाक्प्रचार त्या अवस्थेच्या अधिक जवळ आहे. याच चतुर्थीचा आणखी एक लाभ म्हणजे लिंगाचा प्रश्न सुटतो. ‘तुम्ही थकलेले असाल’ हे स्त्री-कामगाराला उद्देशून नाही. ‘तुम्हाला थकवा वाटत असेल’ हे दोघांनाही चालते.

स्त्री-वाचकाचा विषय निघालाच आहे, तर ‘पाळी’ या शब्दाचा उल्लेख केला पाहिजे. कारखान्यात पाळी म्हणजे कामाची वेळ, आणि स्त्रियांच्या बोलण्यात पाळी म्हणजे मासिक धर्म. ‘पाळी बदलल्यामुळे त्रास होत असल्यास डॉक्टरांना सांगा’ हे वाक्य एका पत्रकात जसेच्या तसे होते. रात्रपाळी लिहावे किंवा मासिक पाळी लिहावे. नुसती पाळी या पत्रकांत कोठेही ठेवू नये.

येथवर वाक्याचा विचार झाला. काही ठिकाणी मात्र वाक्य निर्दोष असूनही अनुवाद फसतो, कारण मूळ मजकूरच दुसऱ्या माणसासाठी लिहिलेला असतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण तंबाखूचे. इंग्रजी पत्रकांत धूम्रपान सोडण्याचा अध्याय असतो व तो इमानाने ‘धूम्रपान सोडा’ असा मराठीत येतो. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे २४.४ टक्के. चुना लावून तंबाखू मळणारा, गुटखा खाणारा किंवा सकाळी मिश्री लावणारी बाई ‘धूम्रपान’ या शब्दात बसत नाही. ती प्रश्नावलीत प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देते. येथे शब्दाशी एकनिष्ठ राहणे म्हणजे हेतूशी द्रोह करणे होय. मद्याच्या मापाचीही तीच गत. अमेरिकेतील एक प्रमाण पेय म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडे माप ‘क्वार्टर’चे, म्हणजे १८० मिलिलिटरचे, व्हिस्की ४२.८ टक्के तीव्रतेची धरली तर त्यात सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल भरते. ‘दिवसाला किती पेये घेता?’ या प्रश्नाला ‘एक’ असे उत्तर देणारा मनुष्य चाराहून अधिक पेये घेत असतो. वजनाच्या तक्त्यातही २५ हा आकडा डोळे मिटून उतरविला जातो, वास्तविक आशियाई लोकसमूहांसाठी २३ पासूनच लक्ष द्यावे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सुचविले होते. हे बदल अनुवादकाने परस्पर करू नयेत, वैद्यकीय सल्लागाराला विचारून करावेत. पण विचारण्याचे काम त्याचेच आहे.

अशा साहित्याची तपासणी करण्यासाठी उलट अनुवादाची पद्धत सामान्यतः वापरली जाते. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये तिची शास्त्रीय मांडणी केली. मराठी मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करवून घ्यायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. प्रश्नावल्यांसाठी ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु वर ज्या दोषांची चर्चा केली, त्यांतील बहुतेक या चाळणीतून सहज निसटतात. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही इंग्रजीत एकाच सर्वनामात परततात. फलकावरील ‘घ्यावे’ला चिकटलेला हुकुमाचा दाब वाटेतच गळून पडतो आणि ते पुन्हा सल्ला होऊन पोहोचते. ‘ऐच्छिक’ तर जसाच्या तसा परत येतो. दोष मराठीच्या ज्या भेदांत आहेत ते भेदच इंग्रजीत नाहीत, तेव्हा इंग्रजीच्या आरशात ते दिसणार कसे? त्यापेक्षा मजकूर दोन-तीन कामगारांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि ‘यात तुम्हाला काय करायला सांगितले आहे? नाही केले तर काय होईल?’ असे दोनच प्रश्न विचारावेत.

उपरोक्त कारखान्याच्या कागदपत्रांबाबत ते प्रश्न विचारण्याची संधी मिळाली. ‘सही केली नाही तर पगार अडेल का?’ असा उलट प्रश्न पहिल्याच वाचकाने केला. तो प्रश्न व्यवस्थापनाकडे जसाच्या तसा पाठविला. पंधरवड्याने मूळ इंग्रजी संमतिपत्रात एक वाक्य वाढवून आले, आणि त्याचा मराठी अनुवाद आमच्याकडे आधीच तयार होता.