कूलरची घरघर आणि हेडफोन

भाचा यवतमाळच्या एका अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतो. परवा त्याचा फोन आला, "मामा, कूलरच्या आवाजानं डोकं उठतं. नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन घेऊ का?"

घे बाबा. कूलर, पंखा, एसटीचं इंजिन असा सलग, खर्जातला आवाज हे हेडफोन छान दाबतात. त्यांचे माईक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याची नेमकी उलटी लाट कानात सोडतात. दोन्ही लाटा एकमेकींना खातात. या तत्त्वावर जर्मनीच्या पाउल ल्यूग यांना १९३६ मध्येच अमेरिकी पेटंट मिळालं होतं. १९७८ मध्ये विमानातल्या घरघरीला वैतागून बोस कंपनीच्या अमर बोस यांनी हेडफोनसाठी ते मनावर घेतलं.

गप्पा, हॉर्न मात्र पूर्ण जात नाहीत. ते अडवणं हेडफोनच्या गादीचं काम, म्हणून ती कानाभोवती घट्ट बसायला हवी. चष्म्याच्या काडीनं फट पडते, तेव्हा चष्मा घालूनच बघा.

खोक्यावर नुसतं 'ईएनसी' असेल तर फसू नका. ते कॉलवर समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जावा म्हणून असतं. आपल्याला हवं 'एएनसी', म्हणजे वर सांगितलेलं उलट्या लाटेचं तंत्र.

आपल्याकडच्या मे महिन्यात रेक्झिनच्या गाद्या घामानं सोलवटतात. सुट्या गाद्या मिळतात का, हे मी बॅटरीच्याही आधी विचारतो. बॅटरीचे तासही एएनसी चालू असतानाचे बघा. मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा बंद असतानाचा असतो.

आणि हो, गाडीवर अजिबात लावू नका.

बजेट किती, चष्मा आहे का, एवढं सांगून बिनधास्त विचारा.