आस्कारीचे निळे हेल्मेट

मी कवितेतला माणूस. मोटारींच्या शर्यतींशी माझा संबंध दुरूनच. पण अल्बेर्तो आस्कारी या इटालियन शर्यतपटूची हकिगत काही केल्या मनातून जात नाही.

अल्बेर्तोचा जन्म १३ जुलै १९१८चा, मिलान शहरातला. वडील अंतोनियो हे अल्फा रोमिओचे नामांकित चालक. २६ जुलै १९२५ रोजी, पॅरिसजवळ माँलेरी येथे फ्रेंच ग्रां प्रीत आघाडीवर असताना त्यांची गाडी उलटली आणि ते गेले. वय ३६. मुलाला सात वर्षे पूर्ण होऊन जेमतेम तेरा दिवस झाले होते.

तरीही मुलाने तीच वाट धरली. आधी मोटारसायकल, मग मोटार. फेरारीच्या गाडीतून तो १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेता झाला.

मात्र हा धीराचा गडी शकुन-अपशकुन फार मानी. काळे मांजर दिसले की त्याचा जीव खालीवर होई. आपले निळे हेल्मेट तो जिवापाड जपे.

२२ मे १९५५ रोजी मोनॅकोच्या शर्यतीत त्याची लान्चिया गाडी थेट समुद्रात पडली. नाक मोडले, पण तो पोहून वर आला. चारच दिवसांनी तो मोंझाला मित्रांचा सराव पाहायला गेला. कास्तेलोत्तीची फेरारी दोन-चार फेऱ्या चालवून पाहतो म्हणाला. निळे हेल्मेट जवळ नव्हते, म्हणून त्याचेच मागून घेतले. तिसऱ्या फेरीत गाडी उलटली. तारीख २६, वय ३६.

असे योगायोग दिसले की कवीला यमक जुळल्यासारखे वाटते. लोकांनीही सारा दोष नशिबाला दिला. पण त्या काळी या गाड्यांत पट्टा नसे. गाडी उलटली की चालक बाहेर फेकला जाई. तिथे हेल्मेटचा रंग काय करणार?

हे अल्बेर्तोलाही ठाऊक असावे. आपण परतलो नाही तर मुलांना फार जड जाऊ नये, म्हणून तो त्यांच्याशी मुद्दाम कठोर वागे, असे सांगतात. बाप गमावलेल्या पोराचेच हे शहाणपण. शर्यत सोडणे मात्र त्याला जमले नाही. मिलानच्या दफनभूमीत आज बाप-लेक शेजारी-शेजारी आहेत.