एक नाव, तीन अस्तरं

मी वैद्यकाचा माणूस नाही, तत्त्वज्ञानाचा आहे. तरी आज आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, विषय म्हणून घेतला. कारण आपला एक जुना प्रश्न इथे थेट रुग्णाच्या बोटांपर्यंत येऊन पोचतो : नाव एक दिलं म्हणून वस्तू एक होते का?

आधी सांधा समजून घेऊ. त्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. सांध्याला वंगण पुरवणं हे त्याचं काम. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा याच अस्तरावर उलटते. ते सुजतं, जाड होतं आणि पुढे कूर्चा आणि हाड कुरतडू लागतं.

आता हा आजार ओळखायचा कसा? न्यायशास्त्र सांगतं की लक्षणात अव्याप्ती नको आणि अतिव्याप्तीही नको. रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर घ्या. तो काही आमवाताच्या रुग्णांत सापडतच नाही. ही झाली अव्याप्ती. उलट हेपॅटायटिस सी झालेल्यांत, काही धडधाकट म्हाताऱ्यांतही तो सापडतो, ही अतिव्याप्ती. म्हणून 2010 साली अमेरिकन आणि युरोपीय तज्ज्ञांनी गुणांची बेरीज ठरवली : किती सांधे, कोणते सांधे, रक्तातली प्रतिपिंडं, ईएसआर-सीआरपी, आणि त्रास सहा आठवडे टिकला का. 10 पैकी 6 गुण मिळाले की आमवात. हे निकष मुळात संशोधनासाठी, पण निदानातही त्यांचा आधार घेतात. बरं, या बेरजेत अस्तराचा तुकडा कुठे आहे? कुठेच नाही.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात कोस्टँटिनो पित्झालिस आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालून तो तुकडा काढला आणि तपासला. ढोबळमानाने तीन प्रकार दिसले. काहींच्या अस्तरात बी आणि टी पेशींचे पुंजके होते. काहींत मुख्यतः मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. आणि काहींत संरक्षक पेशी जेमतेमच. बहुतेक नुसत्या तंतुजनक पेशी. बाहेरून मात्र तिघांचं नाव एकच!

उपचारात याचा फरक पडतो का? सुरुवात बहुतेकांची मेथोट्रेक्सेटने होते. ते पुरलं नाही की पुढचं महागडं औषध बरंचसं अंदाजाने निवडलं जातं. रिटुक्सिमॅब बी पेशी नष्ट करतं. पण अस्तरात बी पेशी मुळातच कमी असतील तर? 2021 साली लॅन्सेटमध्ये 164 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बी पेशी कमी असलेल्यांत 16 आठवड्यांनी आजार निम्म्याने किंवा अधिक घटला, असे रुग्ण रिटुक्सिमॅबवर 45 टक्के आणि टोसिलिझुमॅबवर 56 टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पण सूक्ष्मदर्शकाऐवजी आरएनए तपासून वर्गवारी केली, तेव्हा तेच आकडे 36 आणि 63 झाले. बघा, रुग्ण तेच, औषधं तीच. पारखायची पद्धत तेवढी बदलली.

मात्र इथेच टाळ्या वाजवू नका. 2023 मध्ये, जैविक औषधं अजून सुरू न झालेल्या रुग्णांवर हीच कल्पना पडताळली, तेव्हा औषधांमध्ये असा फरक दिसला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधनात पेशी मोजून अस्तराचे तीन नव्हे, सहा प्रकार मांडले गेले. म्हणजे वर्गवारी अजून पक्की नाही, आणि सुईची तपासणी रोजच्या उपचाराचा भागही झालेली नाही.

मग आपण काय घ्यायचं? एक, निदान झालं की तुकड्याच्या तपासणीसाठी थांबायचं नाही. उशीर झाला तर हाड झिजतं आणि झिजलेलं हाड सहसा भरून येत नाही. दोन, शेजारणीला ज्या इंजेक्शनने गुण आला ते आपल्याला लागू पडेलच असं नाही. दोघींचा आजार नावानेच एक असू शकतो. आणि तीन, औषधाने गुण आला नाही तर पथ्याला, नशिबाला किंवा स्वतःला दोष देत बसू नका. तुमच्या अस्तराला ते औषध कदाचित जुळलं नसेल. स्वतःहून ते बंद करू नका. डॉक्टरांकडे जा आणि ‘आता पुढचं कोणतं, आणि तेच का?’ असं विचारा. तो प्रश्न विचारायचा तुम्हाला पुरेपूर अधिकार आहे.