सिस्टिक फायब्रोसिस : श्वासाबरोबर मनाचीही तपासणी

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक विकार आहे. माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यासच तो उद्भवतो. शरीरातील स्राव घट्ट व चिकट होतात, फुफ्फुसांत कफ साचून वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि पाचकरसांअभावी अन्न अंगी लागत नाही. आपल्याकडे पुष्कळदा क्षयरोग किंवा कुपोषण समजून त्यावर उपचार होत राहतात.

पूर्वी असे रुग्ण बहुधा बालपणीच दगावत. आता योग्य उपचारांनी अनेकजण प्रौढ वयात पोहोचतात. मात्र रोजची वाफ, छातीचे व्यायाम व औषधे सांभाळून नोकरी आणि संसार कसा करावा, ही विवंचना त्यांच्या सोबतीला येते. नऊ देशांतील रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत १९ टक्के प्रौढ रुग्णांत नैराश्याची, तर ३२ टक्क्यांत चिंतेची लक्षणे आढळली. खचलेले मन उपचार टाळते, उपचार टळले की फुफ्फुसे दुबळी होतात आणि मन अधिकच खचते.

म्हणूनच अमेरिका व युरोपातील तज्ज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, बारा वर्षांवरील प्रत्येक रुग्णाची दरवर्षी अशी तपासणी करण्याची शिफारस आहे. नैराश्याविषयी नऊ व चिंतेविषयी सात सोपे प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांतील अनुभवानुसार प्रत्येकास शून्य ते तीन गुण मिळतात. कोणत्याही एका प्रश्नावलीत दहा वा अधिक गुण झाल्यास तज्ज्ञांकडून सविस्तर तपासणी व्हावी. आत्मघाताच्या विचाराबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' याखेरीज काहीही आले, तर एकूण गुण न पाहता त्याच दिवशी रुग्णाशी बोलावे लागते. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. ती केवळ संवादाचे दार उघडते.

घरोघरी मनाची विचारपूस करणे मराठवाड्याला अपरिचित नाही. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशा कार्यकर्त्यांनी हेच काम केले. फर्दापूरहून छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. तेथवर जाणे दरवेळी शक्य होत नाही. अशा वेळी १४४१६ या 'टेली मानस' क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.

या तपासणीस महाग यंत्र लागत नाही. लागते ती शांत खोली, प्रशिक्षित परिचारिका आणि पुढील उपचारांची हमी. रुग्णाची सेवा करणाऱ्या आप्तांनाही हेच प्रश्न विचारले जावेत. दात्यांच्या साहाय्याचा असा विनियोग अहवालातील आकड्यांत क्वचितच दिसेल. परंतु उपचार अर्ध्यावर न सोडणाऱ्या रुग्णाच्या रूपाने तो निश्चित फळास येईल.