महिन्याला बत्तीस पानं

चार्ल्स डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ आज एका जाडजूड पुस्तकाच्या रूपात आपल्या हाती येते. मे १८४९मध्ये लंडनचे वाचक ती वाचू लागले, तेव्हा मात्र ती लिहून व्हायची होती. दर महिन्याला एक हप्ता निघायचा: बत्तीस पानं, दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. शेवटचा जोडहप्ता नोव्हेंबर १८५०मध्ये आला. त्या काळी तीन खंडांची नवी कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना पडे. कारकुनाला किंवा दुकानदाराला ते कुठून परवडणार? एक शिलिंग मात्र महिन्याकाठी निघत असे.

आपल्याकडे हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ही ‘करमणूक’मधून अशीच क्रमशः आली. पण एवढा मोठा पसारा दीड-दोन वर्षं तोलून धरायचा, तोही आधीचे हप्ते छापून लोकांच्या घरी पोचलेले असताना, हे जमायचं कसं? एकदा छापलेली ओळ मागे घेता येत नाही.

डिकन्सचं टिपण पाहिलं की थक्क व्हायला होतं. दर हप्त्यासाठी तो एक कागद आडवा धरून त्याचे दोन भाग करी. उजवीकडे प्रकरणांची नावं आणि त्यांत काय घडणार ते. डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न. हे पात्र या महिन्यात आणायचं का? पुढे उत्तर: हो, नाही, किंवा अजून नको. हे कागद लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवले आहेत. डिकन्स सुचेल तसं पाल्हाळ लावत जाई असं म्हणणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत.

त्याच्या शैलीचं मूळही मला या हप्त्यांतच दिसतं. महिनाभरानं परत भेटणारं माणूस वाचकाला पहिल्या वाक्यात ओळखू यायला हवं. म्हणून प्रत्येकाला एखादी ठळक खूण. युराया हीपचे ओलसर, गार हात आणि आपण किती नम्र आहोत याचं तुणतुणं. पेगॉटीनं मायेनं मिठी मारली की तिच्या झग्याची बटणं तुटून उडणार. कर्जात बुडालेला मिकॉबर काहीतरी चांगलं घडेल म्हणून वाट बघत बसणार. कुणी याला अतिशयोक्ती म्हणतं. माझ्या मते हे स्मरणशक्तीचं अचूक गणित आहे.

ही माणसं त्याच्या अंगातच यायची. मुलगी मेमी आजारातून उठत असताना एकदा त्याच्या लिहायच्या खोलीत कोचावर पडून होती. तिनं पाहिलं: वडील ताडकन उठले, आरशापुढे गेले, चेहरा वेडावाकडा केला, धावत टेबलाशी येऊन भराभर लिहू लागले. पुन्हा आरसा. मग हलक्या आवाजात स्वतःशीच बोलणं. खोलीत मुलगी आहे याचं त्यांना भानच नव्हतं.

आणि वाचक? डिसेंबर १८४९च्या हप्त्यात मिस माउचर नावाची ठेंगणी, काहीशी संशयास्पद बाई आली. लंडनमधल्याच एका ठेंगण्या बाईंना तिच्यात स्वतःचं रूप दिसलं. त्यांनी दुखावून पत्र लिहिलं. डिकन्सनं चूक मान्य केली आणि पुढच्या हप्त्यांत मिस माउचरला भल्या मनाची केलं. चालू कादंबरीतलं पात्र वाचकाच्या एका पत्रानं बदललं!

याच कादंबरीत त्यानं आपली सर्वांत खोल जखम ठेवली होती. १८२४ साली वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले. बारा वर्षांचा चार्ल्स बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवत होता. पुस्तकात डेव्हिड दारूच्या वखारीत बाटल्या धुतो. हे लेखकाचंच बालपण आहे, हे जगाला कळलं ते १८७०मध्ये तो गेल्यावर, मित्र जॉन फॉर्स्टरनं लिहिलेल्या चरित्रातून.

पहिल्या हप्त्यात पहिली तीन प्रकरणं होती. तेवढीच वाचा आणि पुस्तक महिनाभर मिटून ठेवा. बघा जमतं का.